नकाराची सोय आधी करा

‘सर, आईंची तब्येत कशी आहे? काळजी घ्या. बरं, एक छोटंसं काम होतं.’

हा मेसेज पाठवू नका. विचारपूस करायची तर नुसती विचारपूस करा, काम असेल तर सरळ काम सांगा. आईच्या आजारपणापासून सुरू होऊन नोकरीच्या रेफरन्सवर संपणाऱ्या मेसेजमधून एकच गोष्ट पोचते : आईची आठवण कशामुळे झाली.

रेफरन्स मागण्यात लाज नाही. मागणाऱ्याचीही अडचण खरी असते. नोकरी गेलेली, गृहकर्जाचा हप्ता तोंडावर, नवी ऑफर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवर अडकलेली. आणि ज्या मॅडमचं नाव द्यायचं, त्या नवऱ्याच्या केमोसाठी रजेवर. मग विचारावं की नाही?

विचारावं. त्यांना झेपणार नाही, हे आपणच परस्पर ठरवणं हाही आगाऊपणा आहे. पण नाही म्हणताना त्यांना कष्ट पडू नयेत, ही जबाबदारी पूर्णपणे मागणाऱ्याची. असं लिहा : ‘मॅडम, नव्या नोकरीसाठी रेफरन्स लागतो आहे. घरचं कळलं आहे. जमणार नसेल तर उत्तरही देऊ नका, गुरुवारी मी दुसऱ्या सरांचं नाव देईन.’ दुसरं नाव खरोखर तयार ठेवा. आणि उत्तर आलं नाही तर आठवण करून देऊ नका. गप्प राहणं हाच त्यांचा नकार समजा.

सुतकाच्या घरी शेजारी पिठलं-भात पोचवतात, आपली कामं घेऊन जात नाहीत. एवढी समज आपल्याकडे आहे. पण घटस्फोट, कर्करोग, आईचा स्मृतिभ्रंश यांना दहावा-तेरावा नसतो. ही संकटं महिनोन्‌महिने चालतात आणि बाहेरून दिसत नाहीत. म्हणून नकाराची ही सोय प्रत्येक वेळी ठेवायची, समोरचा संकटात आहे हे ठाऊक नसलं तरीही.

सगळ्यात वाईट म्हणजे न विचारता नाव आणि नंबर फॉर्मात भरून टाकणं. ज्याचं माणूस आयसीयूत आहे तो अनोळखी नंबर उचलतोच. फोन रक्तपेढीचा असेल, कॅशलेसच्या मंजुरीचा असेल. आणि पलीकडून विचारतात, ‘अमुक उमेदवाराला तुम्ही पुन्हा कामावर घ्याल का?’ त्या क्षणी उत्तर तुटक येणार आणि ते तुटक उत्तर तुमच्याच फायलीत जाणार. असा फोन त्या माणसावर अन्याय करतो आणि तुमचंही नुकसान.

कंपन्यांनाही सांगायला हवं. कुणी कुठे, कधीपासून कधीपर्यंत काम केलं, हे तपासायला कुणाच्या जुन्या साहेबाला गाठावं लागत नाही. २०१४ साली यूएएन हा पीएफचा एकच कायम क्रमांक आला. भविष्य निर्वाह निधीत खातं असलेल्याची नोकऱ्यांची नोंद ईपीएफओच्या पोर्टलवर त्याच्या सर्व्हिस हिस्ट्रीत दिसते. सोबत फॉर्म १६ आहे, पगाराच्या स्लिपा आहेत, रिलीव्हिंग लेटर आहे. माणसाला विचारायचं ते फक्त कामाबद्दल आणि स्वभावाबद्दल. ते शेवटच्याच साहेबाने सांगावं, हा हट्ट कशासाठी? त्याआधीचा साहेब सांगेल, बरोबरीचा सहकारी सांगेल. उमेदवार ‘त्या सध्या अडचणीत आहेत, दुसरं नाव देतो’ म्हणाला, तर त्याच्यावर संशय घेऊ नका. तो माणुसकीने वागतो आहे, आणि अशी माणसं तुम्हाला हवीच आहेत. फोन करण्याच्या एक दिवस आधी उमेदवाराला कळवा, म्हणजे तोही रेफरन्स देणाऱ्यांना वेळ विचारून ठेवेल.

आणि ज्यांनी आपल्या पडत्या काळातही तुमच्यासाठी चार शब्द टाकले, त्यांना नोकरी लागल्याचं नक्की कळवा. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करा. त्या फोनमध्ये काम काढू नका.