तासकाका

न्यू जर्सीतला कुठलाही मराठी मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पोचला आणि त्याने चुकून बायॉलॉजी घेतलेलं असलं, की तासकाका त्याला 'कसा आहेस?' असं विचारत नाहीत. 'किती झाले?' असं विचारतात. काय किती, हे मुलाला बरोबर कळतं. हॉस्पिटलातले तास किती, लॅबमधले किती, डॉक्टरांच्या पाठीमागे हाताची घडी घालून उभं राहिल्याचे किती. मुलगा काहीतरी आकडा पुटपुटतो. काका डोळे मिटून बेरीज करतात आणि म्हणतात, "ठीक आहे. पण त्यातले प्रत्यक्ष पेशंटबरोबरचे किती?" मुलाच्या हातातला बटाटेवडा तोंडापर्यंत जात नाही.

काकांचं खरं नाव मंडळाच्या आजीव सभासदांच्या यादीत असेल, पण ते कुणी वापरत नाही. ते स्वतः डॉक्टर नाहीत. आयुष्यभर एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळून निवृत्त झाले. बारावीला नागपुरात दोन मार्कांनी एमबीबीएस हुकलं, हे ते दुसऱ्या भेटीत सांगतात. ते दोन मार्क कुठल्या प्रश्नात गेले, हे तिसऱ्या. तिकडचं एक बरं होतं: मार्क पडले की डॉक्टर, नाही पडले की इंजिनियर. आजही नीटच्या ७२० मार्कांपलीकडे तिकडे कुणी काही विचारत नाही. मुलगा मनाने कसा आहे, ते पुढे पेशंटने आपलं आपण बघून घ्यायचं. अमेरिकेत ही चौकशी प्रवेशाआधीच करतात, आणि तीही फॉर्मवर. काकांची मुलगी मेडिकलला लागली त्याला बरीच वर्षं झाली. ती आता लहान मुलांची डॉक्टर आहे आणि वडिलांशी या विषयावर बोलत नाही. पण तिचा फॉर्म भरताना काकांना जी दृष्टी आली ती काही गेली नाही.

तो फॉर्म एमकासचा. अमेरिकेतल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांसाठी एकच. मे महिन्याच्या सुरुवातीला उघडतो, मेच्या अखेरीस जमा करता येतो. आजवर जे काही केलंत ते जास्तीत जास्त १५ नोंदींत बसवायचं. एकेका नोंदीला ७०० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. त्यातल्या तीन नोंदी सगळ्यात अर्थपूर्ण म्हणून निवडल्या तर त्यांना आणखी १३२५. डॉक्टर का व्हायचंय, यासाठी ५३००. आणि नोंदीगणिक तास. काका बायकोचा वाढदिवस विसरतील, हे आकडे विसरणार नाहीत.

या दृष्टीने एकदा बघायला लागलं की जगात नुसतं काही घडतच नाही. गणेशोत्सवात एखाद्या मुलाने खुर्च्या मांडल्या, तर ते संघटनकौशल्य. त्याने दुसऱ्या मुलांकडून खुर्च्या मांडून घेतल्या, तर नेतृत्व. म्हणून काका मुलांना खुर्च्या उचलू देत नाहीत. मागे एकांच्या घरी आजी भारतातून आल्या आणि पहिल्याच बर्फात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. सगळे भेटायला गेले. काकाही गेले, फुलं घेऊन. आजींच्या उशाशी बसले, औषधांची चौकशी केली, डबा कोण आणतं ते विचारलं, मग नातीला बाहेर नेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "रोजचं रोज लिहून ठेव. आत्ता वाटतं लक्षात राहील, पुढच्या मेपर्यंत राहत नाही." नातीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हेही लिही," काका म्हणाले.

एमकॅट या प्रवेश परीक्षेबद्दल काका फारसं बोलत नाहीत. ४७२ ते ५२८ असे गुण देणाऱ्या परीक्षेवर त्यांचा मुळातच विश्वास नाही. शून्यापासून मोजायला यांना काय होतं, असा त्यांचा सवाल आहे. त्यातही चारांपैकी एका विभागात उतारे वाचून प्रश्न सोडवायचे असतात, विषयाची माहिती उपयोगाची नसते. ५३ प्रश्न, ९० मिनिटं. "यात पाठ करण्यासारखं काहीच नाही," काका म्हणतात, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज खाली जातो. बायोकेमिस्ट्रीत भल्याभल्यांना लोळवणारी आपली मुलं या उताऱ्यांत आडवी होतात, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

काकांची खरी पंचाईत जूनच्या पुढे होते. मुख्य फॉर्म गेला की एकेक कॉलेज आपापले निबंध मागवतं, त्याला सेकंडरी म्हणतात. सगळा कारभार 'आधी आला त्याला आधी बघतो' अशा धर्तीचा, त्यामुळे उत्तरं झटपट गेली पाहिजेत. त्यात हमखास एक प्रश्न असतो: तुम्ही कोणत्या संकटाला तोंड दिलंत? आता ही मुलं वाढलेली चार बेडरूमच्या घरात, खाली बेसमेंट, मागे डेक. त्यांच्यावर संकट यावं कुठून? काका वही उघडून बसतात. "लहानपणी दमा वगैरे?" नाही. "शाळेत कुणी डब्याला हसलं होतं?" हसलं होतं, पण हे सगळेच लिहितात. "बाबांची नोकरी कधी गेली होती?" नाही. काका मुलाच्या वडिलांकडे बघतात. त्या नजरेत अशी काही हळहळ असते की वडिलांनाच ओशाळल्यासारखं होतं. २००८ साली सगळीकडे माणसं कमी करत होते, तेव्हा आपण कुठे झोपलो होतो!

मला विचाराल तर हा दोष एकट्या काकांचा नाही. दरवर्षी ५०,०००वर मुलं अर्ज करतात, जागा २३,०००च्या आसपास. निम्म्याहून अधिक मुलांना नाही म्हणायचं तर काहीतरी मोजावं लागणारच. मुलाने कसलीही अपेक्षा न ठेवता सेवा केलेली असावी, अशी प्रवेश समितीची इच्छा. आणि ती किती तास केली, हे तिने विचारायचं. निष्काम कर्म, पण हजेरीपटासकट. या दोन गोष्टी एकत्र बसवणारा माणूस समाजाला लागतो, आणि तो फुकटात मिळत असेल तर कुणाला नको आहे? एमकासला पहिल्या कॉलेजचे पावणेदोनशे डॉलरच्या घरात, पुढच्या प्रत्येकाचे पन्नासच्या आत-बाहेर, शिवाय सेकंडरीची फी वेगळी. मुलं सरासरी दीड डझन कॉलेजांना अर्ज करतात. काका तीस सांगतात. पैसे घेऊन सल्ला देणारेही आहेत, पण त्यांचे दर ऐकून माणसं पोहे घेऊन काकांकडेच येतात.

काका फक्त सल्ला देऊन थांबत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. डॉक्टरांच्या मागे उभं राहायचं तर आधी त्याला तयार असलेला डॉक्टर हवा, आणि हल्ली हॉस्पिटलं कुणालाही आत सोडत नाहीत. काकांनी यावर स्वतःचं शरीर कामी लावलं. त्यांचा उजवा गुडघा कुठल्या सर्जनकडे द्यायचा, हे त्यांनी त्या सर्जनच्या कीर्तीवर ठरवलं नाही. मुलांना बरोबर घेतो का, यावर ठरवलं. त्या गुडघ्याच्या तपासण्या आजवर मंडळातल्या चार मुलांनी पाहिल्या. दोघं आता रेसिडेन्सीत आहेत. डावा गुडघाही बोलायला लागलाय, पण काका घाई करत नाहीत. दोन हुशार मुली अजून पहिल्या वर्षाला आहेत.

इंटरव्ह्यूची तयारी त्यांच्या बेसमेंटमध्ये होते. काही कॉलेजांत छोट्या छोट्या मुलाखतींची साखळी असते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून निघालेली ही पद्धत. दारावर एक प्रसंग चिकटवलेला, तो वाचायला दोनेक मिनिटं, आत गेल्यावर काही मिनिटं बोलायचं, घंटा झाली की पुढच्या दारात. कधी आत पेशंटचं सोंग घेतलेली व्यक्ती बसलेली असते. काकांच्या बेसमेंटमध्ये ती काकू असतात, आणि घंटा देवघरातली. एकदा एका मुलीने शिकवल्याप्रमाणे काकूंसमोर बसून शांतपणे विचारलं, "तुम्हाला कशाचा त्रास होतोय, सांगाल का?" काकूंनी ठरलेलं वाक्य बाजूला ठेवून खरंच सांगायला सुरुवात केली. निवृत्तीनंतर फिरायला जायचं ठरलं होतं, हॉलमध्ये गेली काही वर्षं परक्या मुलांचे निबंध पसरलेले असतात, जेवताना माणूस समोर असून नसतो. मुलगी म्हणाली, "हे तुम्हाला एकटीला सोसावं लागलं असेल." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात काकांनी घंटा वाजवली. "छान! पण दहा सेकंद जास्त झाले."

हीच मुलगी पुढे एका मोठ्या कॉलेजात मुलाखतीला गेली. ॲम्ब्युलन्सवरच्या रात्री, लॅबमधले उंदीर, हॉस्पिसमध्ये म्हाताऱ्यांना वाचून दाखवलेली पुस्तकं, सगळं तिने नीट सांगितलं. शेवटी समोरच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, "आणि या सगळ्यातून रविवारी वेळ मिळाला तर काय करता?" काकांनी या प्रश्नाचं उत्तर तयार करून दिलेलं नव्हतं. "झोपते," मुलगी म्हणाली. बाई खूप हसल्या. महिन्याभरात प्रवेशाचं पत्र आलं.

काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी, दिवाळीच्या कार्यक्रमात, त्यांनी एका दुसऱ्या वर्षाच्या मुलाला फराळाच्या टेबलाशी गाठलं. पाठीवर हात ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "हल्ली त्यांना झोप लागते. रविवारी झोपत जा. किती वाजता झोपलास, किती वाजता उठलास, लिहून ठेवतोयस ना?"