सिस्टरचं प्रतिज्ञापत्र

3 मे 2020 रोजी करोनायोद्ध्यांच्या सन्मानासाठी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं उधळली गेली. एवढा मान मिळाल्यावर एखाद्या सिस्टरनं ‘एम.एस्सी. नर्सिंगची फी कुठून भरू?’ असं विचारणं म्हणजे कृतघ्नपणाच. तरी काही जणी विचारतात.

नियम असा की, बी.एस्सी. नर्सिंगनंतर किमान वर्षभर काम केल्याशिवाय एम.एस्सी.ला प्रवेश नाही. नियम चांगलाच आहे. पोरगी वर्षभर आयसीयूत रात्रपाळ्या करते, अनुभवाचा दाखला जोडते, प्रवेश मिळवते. मग शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल उघडते. तिथं तेच वर्ष शिक्षणातला गॅप ठरतं आणि त्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. वर्ष गेलं नियमानं, आणि ते का गेलं हे शपथेवर सांगायचं तिनं!

आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. ही मोठी गोष्ट आहे, तिची टवाळी नको. फक्त प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोटा किंवा खासगी अभिमत विद्यापीठ असेल तर राम राम. आणि माफ होते ती फी. दोन वर्षं बंद पडलेला पगार, ज्यावर धाकट्या भावाचं कॉलेज चाललेलं असतं, तो कोण देणार? एम.डी. करणाऱ्या डॉक्टरला शिकता शिकता विद्यावेतन मिळतं. खासगी कॉलेजातली एम.एस्सी.वाली त्याच पेशंटच्या उशाशी फी भरून उभी असते.

राहिलं शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, असं योजना सांगते. योजना बँकेत बसत नाही, मॅनेजर बसतो, आणि तो आधी वडिलांचा सातबारा मागतो, मग लग्न ठरलंय का ते विचारतो.

दरम्यान, फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केला. तिकडे नर्सेसही हव्या होत्या आणि जाणाऱ्यांना जर्मन शिकवण्याचा खर्च सरकारनं उचलायचं ठरलं. मग इथल्या नर्सिंग कॉलेजात शिकवायला एम.एस्सी. झालेल्या बाया राहणार कशा, असं कुणी विचारलंच, तर त्यासाठीही योजना येईल. अर्ज महाडीबीटीवर.