किकमास्तर

कोल्हापुरात जुलै उजाडला की माणसं एकमेकांची खुशाली विचारत नाहीत. ‘राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?’ असं विचारतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. सरकारी तक्त्यात नसलेली तिसरी एक पातळी आहे. पुराचं पाणी गल्लीतल्या मोटारसायकलींच्या सीटखाली उतरलं की किकमास्तर घराबाहेर पडतात.

प्रत्येक गल्लीत एक किकमास्तर असतात. खरं नाव रेशनकार्डावर असतं आणि तिथंच राहतं. साठी उलटलेली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हात मागं बांधलेले. त्या हातांना ग्रीस लागलेलं कुणी पाहिलेलं नाही. तरी चिखलानं माखलेली गाडी दिसली की निदान आणि औषध एका दमात येतं : “काय होत नाही रे. हाण किक!”

या अधिकाराचं मूळ त्यांच्या राजदूतमध्ये आहे. “८९ च्या पुरात अख्खी बुडाली हुती. काढली, आडवी केली, उभी केली, हाणली किक. चालू!” २००५ च्या पुरानंतर ही गोष्ट सांगताना चार किका लागल्या होत्या. २०१९ ला दोन झाल्या, २०२१ ला एक. पुढच्या पुरात राजदूत नुसत्या हाकेला सुरू होणार.

राजदूत टू-स्ट्रोक. तिचं ऑईल पेट्रोलात मिसळायचं आणि धुरावाटे निघून जायचं. आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत लिटरभर ऑईल इंजिनाच्या पोटात फिरत असतं आणि आत शिरलेलं पाणीही तिथंच मुक्काम ठोकतं. पण मास्तरांच्या शास्त्राला चौथा स्ट्रोक अजून फुटलेला नाही.

पोरगा किक मारतो. किक खाली जात नाही. मास्तरांचं निदान तयार : “अंगात दम नाही. दूध पीत जा!” मग गल्लीतला तालमीत जाणारा गडी बोलावला जातो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात पाणी साठलेलं असताना किक रेटली किंवा बटण दाबलं, तर पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अडलेली किक म्हणजे गाडीनं दिलेला नकार. पण नकार मास्तरांना ऐकूच येत नाही. लग्नात जिलेबीचा आग्रह करायलाही हेच असतात.

कधी फडफड करत इंजिन सुरू होतं. मास्तर छाती काढून चौकात जातात. थोड्या वेळानं ऑईलची टोपी उघडावी, तर आत दूध जास्त झालेला चहा! गाडी सुरू केली नसती तर जड पाणी तळाशी बसलं असतं आणि खालचा नट ढिला करताच आधी तेच बाहेर आलं असतं. आता इंजिनानं ते ऑईलमध्ये घुसळून ठेवलं.

मग वरात गॅरेजकडे. मिस्त्री न बोलता प्लग काढतो, किक हळूहळू फिरवतो. प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडते. कार्बोरेटरची वाटी रिकामी होते, भिजलेला कागदी फिल्टर कचऱ्यात जातो, टाकीही उपसावी लागते, कारण पाणी पेट्रोलच्या खाली दडून बसतं. नवं ऑईल भरायचं, थोडा वेळ इंजिन चालवायचं, काढून टाकायचं, पुन्हा भरायचं. ऑईल ऑईलसारखं दिसेपर्यंत हेच. शेजारी हात मागं बांधून मास्तर उभे : “मी सकाळपासनं तेच सांगतोय.”

थंडीतही त्यांना सुट्टी नसते. डेअरीपर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीच्या टोपीखाली पांढरी साय दिसते. “हेडचं गॅस्केट गेलं! पाणी उतरतंय!” वाऱ्यावर थंड होणाऱ्या त्या इंजिनात उतरायला मुळात पाणीच नसतं. इंजिन नीट तापत नाही, म्हणून आतल्या वाफेचं पाणी होतं. पन्हाळ्यापर्यंत एक फेरी मारली की ही साय बहुतेक वेळा जाते. सगळंच ऑईल दुधाळ झालं असेल तर मात्र बदलायचं.

माणूस वाईट नाही. पाणी चढायला लागलं की शेजाऱ्यांची धान्याची पोती माळ्यावर नेणारे पहिले तेच. स्वतःची स्कूटर मात्र ३९ फुटांनाच मुलीकडं, टेंबलाईच्या उंचावर पोचलेली असते. सबंध गल्लीनं त्यांच्याकडून शिकावं असं एवढंच. त्यांचा दोष एकच : त्यांना गप्प बसवत नाही. आणि पाणी शिरलेल्या इंजिनाला पहिला उपचार तोच लागतो, काहीही न करणं.

तेव्हा पूर ओसरला की चावी खिशात ठेवा, किकला पाय लावू नका, गाडी ढकलत गॅरेजला न्या. किकमास्तर वाटेत भेटतीलच. त्यांना मागून ढकलायला लावा. हात गुंतले की सल्ला जरा कमी येतो.