पनीरमार्गे बाळापूर

बाळापूरला मी किल्ला पाहायला गेलो होतो, असं आमच्या घरात अधिकृतपणे सांगितलं जातं. खरं कारण रोडगे. बाळापूर हे बायकोचं आजोळ. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून रोडगे, पातोडीचा रस्सा, कढीगोळे आणि चून-भाकर यांची वर्णनं ऐकतोय आणि ताटात फुलके आणि दुधीची भाजी पाहतोय. तिचं म्हणणं असं की ते पदार्थ तिकडच्या पाण्यालाच जमतात. सबब खरी की खोटी हे तपासायला पाण्यापर्यंत जाणं भाग होतं.

मुंबईकडून येणारी गाडी अकोल्याच्या आधी शेगावला थांबते. 1950च्या आसपास तीरथराम शर्मा यांनी या स्टेशनावर कचोरी विकायला सुरुवात केली. चपटी, आत मुगाच्या डाळीचं तिखट सारण, सोबत तळलेली मिरची. डब्यातले निम्मे प्रवासी गजानन महाराजांच्या दर्शनाला उतरले, उरलेल्यांनी खिडकीतून कचोरीचं दर्शन घेतलं. मीही घेतलं, पण हात राखून. पुढे बाळापूरला जेवायचं होतं ना!

अकोल्याहून बाळापूर एसटीने 26 किलोमीटर. मामांच्या दारात पाय धुतले, पाट मांडले गेले, ताट आलं. ताटात पनीर.

तेही लाल रश्शातलं, वर मलईची नागमोडी रेघ. मी घसा साफ करत विचारलं, “इथे पनीर चांगलं मिळतं वाटतं?”

“इथं कायचं भेटते जावाईबापू! अकोल्याहून मांगवलं, खास तुमच्यासाठी,” मामी म्हणाल्या. म्हणजे मी आणि पनीर बहुधा एकाच एसटीने आलो होतो.

“मामी, साधी चून-भाकर असती तरी चाललं असतं.”

घरात शांतता पसरली. मामांनी भाचीकडे ‘जावयाची नोकरी शाबूत आहे ना’ अशा नजरेने पाहिलं. मामी म्हणाल्या, “काय बोलता जी! चून तं आमी घरचे खातो. जावायाले कोनी चून वाढते काय?”

चून म्हणजे आपला झुणका. आता यावर काय बोलणार? इथून तासाभराच्या आत शेगाव. तिथे गजानन महाराजांना नैवेद्य कशाचा, तर झुणका-भाकर, अंबाडीची भाजी, कांदा आणि मिरची. महाराज 23 फेब्रुवारी 1878 रोजी लोकांच्या नजरेस पडले तेच उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. देवाला झुणका आणि जावयाला पनीर, ही वऱ्हाडातली प्रतवारी मला आजवर उलगडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मामांचा मुलगा किल्ला दाखवायला निघाला. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर हा विटांचा किल्ला उभा आहे. गावाला म्हैस नावाची नदी आहे आणि पनीर अकोल्याहून येतं, हे मी त्याला ऐकवलं. तो हसला नाही. पनीर आणायला तोच गेला होता. तटाच्या पायथ्याशी बाळादेवीचं मंदिर आहे, तिच्यावरूनच गावाला नाव पडलं म्हणतात. मिर्झाराजा जयसिंगाने बांधलेली काळ्या दगडाची छत्रीही पाहिली. सावली उत्तम होती, एवढं सांगून पुढे जातो, कारण उपाशी माणसाला वास्तुकला फार वेळ पेलत नाही.

किल्ल्याचा इतिहास मात्र माझ्या कामाचा निघाला. तो बांधायला घेतला औरंगजेबाच्या आजमशहा या मुलाने आणि पुरा केला अचलपूरच्या इस्माइलखान नवाबाने, 1757 साली. आजमशहा 1707 सालीच मारला गेला होता, म्हणजे मधे अर्धं शतक गेलं. याच आजमशहाला औरंगजेबाने लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात हिंदुस्थानचा बादशहा मुलाच्या घरच्या खिचडी-बिर्याणीची आठवण काढतो. तुझा बिर्याणीवाला आचारी मागितला तर तू दिला नाहीस, निदान त्याचा एखादा शिष्य तरी पाठव, अशी विनवणी करतो. बुरुजावर उभं राहून मला औरंगजेबाबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. एवढी फौज बाळगून त्याला हवं ते जेवण घरच्यांकडून मिळालं नाही, तिथे मी कोण?

दुपारी हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात शिरलो. जाडजूड मेनूकार्डात पनीरचे प्रकार पानभर, त्यापुढे चायनीज. झुणका-भाकर शेवटच्या ओळीत सापडली.

“ते नाही जी,” वेटर म्हणाला. “पनीर चालन का?”

“कार्डावर तर लिहिलंय!”

“झुणका खायाले हॉटेलात कोन येते भाऊ? तो तं घरी भेटते.”

“घरी पनीर भेटतं!” मी ओरडलो. त्याला दया आली असावी, कांदा जास्त आणून दिला.

रात्री मामांच्या पोराने मला “पान खायाले” बाहेर नेलं. मामा माळकरी, त्यामुळे पान लांबच्या मोहल्ल्यात मिळतं. तिथे पाटी नाही, कार्ड नाही, एक देग आणि दोन बाकं. देगेत होतं तेवढंच मिळत होतं. बिर्याणी मोकळी, मटण हाडाला नावापुरतं धरून. बादशहाला न मिळालेल्या त्या शिष्याचा वंश इथेच नांदला असावा, अशी माझी पक्की खात्री झाली. इतिहासकारांनी पुरावा मागू नये.

आणि रोडगे? ते माझ्यासाठी झालेच नाहीत. नवस फेडायला मामांच्या शेतात झाले आणि मला “तुमाले धूर लागन, घरीच थांबा” असं सांगूनही मी ट्रॉलीत चढून बसलो. रोडग्याचा मान पुरुषांचा. बाया कडुलिंबाखाली बसून चुका काढतात. जाडसर दळलेल्या कणकेच्या छोट्या पाऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, मोठ्या पारीत बंद करून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून द्यायचा. शेजारच्या चुलीवर मोठ्या गंजात वांग्याची भाजी, वर तेलाचा लाल तवंग. तासाभराने काळेठिक्कर गोळे बाहेर आले. ते फडक्यात घोळवून राख झाडली, मुठीने फोडले. आतून पापुद्रे सुटत होते आणि धुराचा वास येत होता. वर वाटीने तूप, बाजूला घट्ट वरण. पहिल्या घासाला नाक वाहायला लागलं, नंतर डोळे, त्यानंतर मी मोजायचं सोडलं. “घ्या ना जी, अर्धाच घ्या” म्हणत मामा पूर्ण रोडगा ठेवत होते. मामी लांबूनच म्हणाल्या, “जावाईबापूसाठी डब्यात पनीर आनलं हाय.” ते गड्यांच्या पोरांनी आवडीने खाल्लं.

पुण्यात येऊन मी रोडगे ओव्हनमध्ये केले. पाणी सोबत आणलं होतं. गोवऱ्याही आता ऑनलाइन मिळतात, पण आमच्या सोसायटीत साध्या उदबत्तीवरूनही सभा भरते. ओव्हनमधून निघालं ते खाण्याजोगं होतं, एवढंच म्हणतो. गॅसवर करायच्या असतील तर बिट्ट्या करा. कणकेत थोडा रवा, हळद, ओवा घालून उंडे वाफवायचे, कापून तळायचे. त्या कुठल्याही पाण्याला जमतात. बायकोची सबब तेवढ्यापुरती फेटाळण्यात आली आहे.

तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा, तेव्हा वांगी चांगली असतात. आणि नातेवाइकांकडे उतरणार असाल तर निघण्याआधी फोन करून सांगा की डॉक्टरांनी पनीर बंद केलंय.