फरशी रंगली, पुढे काय?

चिंचोक्यांना निविदा लागत नाही. नदीतले गोटे, बाटल्यांची झाकणं, ज्वारीच्या ताटाच्या कांड्या यांनाही लागत नाही. कोरेगाव तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवर पहिलीला गणित शिकवायला पुरेल एवढं साहित्य शाळेच्या आसपासच पडलेलं असतं. दहा काड्यांचा गठ्ठा बांधला की दशक पोराच्या मुठीत येतो. गठ्ठा सोडला की हातच्याची वजाबाकी कळते.

मग अडतं कुठं?

गठ्ठा कधी सोडायचा, हे ठरवायला दुसरं डोकं लागतं.

एक उदाहरण घ्या. दुसरीतलं पोर ४२ मधून १७ वजा करतं आणि ३५ लिहितं. लाल शाईची फुली मारली की वही तपासून झाली. पण पोर चुकलं कसं? त्यानं सातातून दोन काढले, चारातून एक काढला. मोठ्यातून लहान वजा करायचा, हा शिकवलेला नियम त्यानं इमानानं पाळला. ही चूक एका बाईंच्या लक्षात येते. शेजारच्या गावातल्या गुरुजींच्या वर्गात निम्मी पोरं तीच करतात. तिसऱ्या शाळेतल्या सरांनी त्यावर सुट्या काड्यांचा खेळ कधीच बसवलेला असतो. तिघं एका सतरंजीवर बसली, तर अर्ध्या तासात तीन वर्ग सुधारतील.

तिघं बसतात कधी?

शाळेत बसणं शक्य नाही. शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब साठ पटापर्यंत दोन शिक्षकांचा आहे. म्हणजे वाडीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेत एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. गुरुजी पंचायत समितीच्या बैठकीला गेले की चारही वर्ग बाईंच्या गळ्यात. त्यात पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं कमी पटाच्या शाळांतली दुसरी खुर्चीही हलवली. राज्यभरचे शिक्षक त्याविरुद्ध रस्त्यावर आले, ते उगाच नाही. एकट्या शिक्षकानं चर्चा कोणाशी करायची?

याचं उत्तर राज्याकडे तीस वर्षांपूर्वीच होतं. १९९४ मध्ये आसपासच्या शाळांचं एक केंद्र करून त्यावर केंद्रप्रमुख नेमायचं ठरलं. पुढे केंद्राची शिक्षण परिषद आली. महिन्यातून एक दिवस सगळ्यांनी एकत्र यायचं आणि शिकवण्यावर बोलायचं. कल्पना सोन्यासारखी.

आणि परिषदेत होतं काय? आधी स्वागत. मग परिपत्रकं. शाळांच्या सरकारी नोंदीसाठीची यू-डायसची माहिती, आधारची राहिलेली नावं, कुठली लिंक कोणी भरली नाही, कुठल्या शाळेचा फोटो आला नाही. जेवण झाल्यावर एखादी आदर्श पाठाची पाटी टाकली जाते. त्या पाठावर कोणी प्रश्न विचारत नाही, कारण परतीची एसटी पकडायची असते.

दिवसभरात पोराची एकही वही उघडली जात नाही.

केंद्रप्रमुखांना दोष देऊन भागणार नाही. पदं वर्षानुवर्षं रिकामी, कारभार प्रभारींवर. एकेकाकडे दोन दोन केंद्रं. टपाल पोचवणं हेच ज्याचं काम करून ठेवलं, त्यानं वर्गात कधी बसायचं?

हे दुसऱ्या रीतीनं होऊ शकतं, याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. सातारा जिल्ह्यातलंच कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालचा शाळांचा गट, बघा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलानं स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवायची रीत, रुजवला. विस्तार अधिकारी म्हणजे तपासणीला येणारी व्यक्ती, हा समज तिथं मोडला. साहेबांचा शेरा मागे पडला आणि मूल कसं शिकतं यावर बोलणं पुढे आलं. जमिनीवर आकृत्या आखल्या, मणी-माळा आणल्या, पोरं गटात बसून एकमेकांना शिकवू लागली. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि राज्यभरचे शिक्षक कुमठे बघायला येऊ लागले.

आले, बघितलं, फोटो काढले. गावी जाऊन फरशी रंगवली.

महाराष्ट्रातल्या किती शाळांच्या फरश्या तेव्हा रंगल्या! शंभराचा चौकोन, बाराखडी, गोल, त्रिकोण. लोकवर्गणी निघाली, पेंटर आले, उद्घाटनं झाली. रंग ऑइल पेंटचा असल्यानं दोन-तीन पावसाळे टिकला. पण कुमठ्यात रंगाच्या आधी जे घडलं होतं, ते कुठल्या डब्यात मिळणार? माणसं एकमेकांच्या वर्गात जाऊन बसली होती. आपलं काय चुकतंय, हे एकमेकांसमोर बोलली होती. ते बोलणं फोटोत येत नाही, म्हणून अहवालातही आलं नाही.

साहित्याचंही तेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पोरांसाठी बिया, शंखशिंपले, पानं-फुलं हेच साहित्य केलं. दोघी बरोबर होत्या, रोज बोलत होत्या, म्हणून त्या बियांतून बालशिक्षणाची पद्धत उभी राहिली. आपण बिया घेतल्या आणि त्या दोघींचं बरोबर असणं विसरलो.

जपानच्या प्राथमिक शाळांत शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. चार शिक्षक मिळून एक पाठ आखतात. एक शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून पोरांकडे बघतात. शिक्षक कसा बोलला यावर भर नसतो. कुठलं पोर कुठं अडलं, हे टिपायचं. शाळा सुटल्यावर त्यावर चर्चा होते, पाठ दुरुस्त होतो आणि कधी कधी दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतला जातो. खर्च शून्य. फक्त शिक्षकाला वेळ द्यावा लागतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

आपण वेळ कुठं घालवतो? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर कामाला जुंपू नका. कलम पंधरा वर्षांहून जुनं झालं. गुरुजींचा मोबाइल मात्र परिपाठापासून वाजतोच आहे. माहिती तातडीची, आजच दुपारपर्यंत हवी. तीच माहिती गेल्या महिन्यातही दिलेली असते.

बदल्यांचंही बोललं पाहिजे. ऑनलाइन बदल्यांनी वशिला कमी केला, हे चांगलंच झालं. पण संगणक सेवेची वर्षं मोजतो, जमलेली जोडी मोजत नाही. दोन शिक्षकांचे सूर जुळायला दोन वर्षं जातात आणि मग एकाचं नाव यादीत येतं.

आणि आपण पालक? वर्गात पोरं गटात बसून चिंचोके मोजताना दिसली की म्हणतो, ‘शाळेत नुसती खेळवतात.’ पाटीभर पाढे लिहून आणले की समाधान. शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी दारात आली की आणखी समाधान. त्या शाळेतले शिक्षक एकमेकांशी शिकवण्यावर कधी बोलतात, हे फी भरताना किती जण विचारतात?

मागणी मोठी नाही. शिक्षण परिषदेचे पहिले दोन तास फक्त वर्गाचे ठेवा. परिपत्रकं मोबाइलवर पाठवा, ती सगळ्यांना वाचता येतात. प्रत्येक शिक्षकानं चार वह्या आणाव्यात: दोन अडलेल्या पोरांच्या, दोन पुढे गेलेल्यांच्या. जवळच्या दोन द्विशिक्षकी शाळांची जोडी लावा, महिन्यातून एक दिवस पोरांसकट एकत्र भरवा. चार शिक्षक, चार वर्ग. त्या दिवशी प्रत्येक इयत्तेला पहिल्यांदाच आपला स्वतंत्र शिक्षक मिळेल, आणि थोडा वेळ दोन वर्ग एकत्र बसवले की एकाचा पाठ दुसऱ्याला बघताही येईल. याला ना इमारत लागते, ना निधी. लागते ती गटशिक्षणाधिकाऱ्यांची एक सही.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कोरेगावकर पालकांनो, पुढच्या सभेत पंख्याचा आणि रंगरंगोटीचा विषय संपला की एक प्रश्न विचारा: मागच्या शिक्षण परिषदेत आमच्या पोरांची एक तरी वही उघडली का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.