मागील दारचं जंगल

रत्नागिरी स्टेशनवर उतरलो तेव्हा नवऱ्याच्या गळ्यात दुर्बीण होती, डोक्यावर झाडीच्या रंगाची टोपी होती आणि खिशात यादी होती. यादीत 32 नावं. बिबट्या, ऊद, साळिंदर, खवले मांजर, भेकर, शेकरू, ककणेर, असं करत करत फुरशापर्यंत. प्रत्येक नावापुढे पट्टीने आखलेला चौकोन. प्राणी स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच चौकोनात बरोबरची खूण करायची, असा नियम. बँकेत 34 वर्षं चेक पास करून निवृत्त झालेला माणूस जंगलाकडेसुद्धा सही जुळते का याच नजरेने बघतो.

मुक्काम जानेवारीच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत. पावसच्या पुढे माझ्या मामेसासऱ्यांचं घर आहे, जांभ्या दगडाचं, कौलारू, सात वर्षं बंद. सात वर्षं बंद असलेलं घर रिकामं असतं, ही ठाण्यातली समजूत. भाट्याचा पूल ओलांडताना रिक्षावाल्याने आरशातून दुर्बीण बघितली आणि विचारलं, "जनावरं बघायला आलात?"

नवरा खूश. "हो. बिबट्या दिसतो का हो इकडे?"

"रोज थोडाच! गुरुवारी दिसलेला."

मग त्याने चिपळूणच्या मगरीचा विषय काढला. 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडाशी भर वस्तीतल्या रस्त्यावरून एक मगर रात्री चालत निघाली होती, तिचा व्हिडिओ आम्हीही ठाण्यात बसून बघितला होता. तिथल्या वाशिष्ठी नदीत मगरी आहेतच. "पण काय सांगू," रिक्षावाला म्हणाला, "आपल्या बाजूने चालली होती हो बिचारी. माणसं चालतात का अशी?" नवऱ्याने यादीच्या तळाला 'मगर' लिहिलं आणि तिच्यापुढेही चौकोन आखला.

पहिल्या रात्री दोनच्या सुमारास मला भाताचा वास आला. साधा नाही, आंबेमोहोर. शेजारच्या काकी एवढ्या अपरात्री भात का लावतायत, या विचारात असतानाच माळ्यावर कुणीतरी चालायला लागलं. चोराची पावलं दबकी असतात. ही तशी नव्हती. जागेचा सातबारा आपल्या नावावर असल्यासारखं ते चालणं होतं. नवऱ्याने बॅटरी लावली, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि खालून दहा फुटांवरच्या पाटईकडे बघत बसला. दुर्बिणीतून पाटई फारच मोठी दिसली म्हणे.

सकाळी काकींना सांगितलं तर त्या मनापासून हसल्या. "अगो सूनबाई, कांडेचोर आहे ती. तिच्याच अंगाला येतो तो भाताचा वास. तुमच्या आधीपासून राहते. गेल्या साली दोन पिल्लं झाली माळ्यावर."

म्हणजे उदमांजर. यादीत चौदाव्या क्रमांकावर. पण ते ऐकू आलं होतं, त्याचा वास आला होता, दिसलं नव्हतं. नवऱ्याने बराच वेळ विचार करून चौकोनात फक्त एक टिंब दिलं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला सड्यावर जायचा कार्यक्रम सुरू झाला. सडा म्हणजे कातळाचं मोकळं पठार. पावसाळ्यात त्यावर फुलांचा गालिचा असतो, फेब्रुवारीत मात्र तो भाजलेल्या तव्यासारखा असतो. बारा दिवसांत आम्ही तिथे दोन गाई, एक टिटवी आणि लांबून जाणारी रत्नागिरीची एसटी एवढं बघितलं. नवरा कुजबुजत बोलायचा आणि मलाही कुजबुजायला लावायचा. शेवटी शेवटी मी घरातही कुजबुजायला लागले आणि काकींनी घसा दुखतोय का म्हणून विचारलं.

घरी परत आलो की मात्र काकींचा अहवाल तयार असायचा. "तुम्ही गेलात आणि भेकर आलं हो. विहिरीपाशी उभं होतं. मी म्हटलं त्याला, माणसं वर गेलीत तुलाच बघायला." एके दिवशी मोर येऊन पायरीवर बसून गेला. एके दिवशी रानडुकरांनी आमच्या परसातली कणगं उकरून ठेवली. उकरली म्हणजे नांगरट म्हणावी इतकी, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. नवऱ्याने त्या खड्ड्याचा फोटो काढला. काकींनी त्या खड्ड्यात भेंडी लावली.

इथे मला एक सांगायला हवं. त्या भेंडीवर मी हसले, काकी नाही हसल्या. त्यांच्या वरकस जमिनीवर पूर्वी नाचणी आणि भुईमूग व्हायचा, आता नुसतं गवत आहे. पेरायचं आपण, खायचं डुकरांनी आणि राहिलं तर माकडांनी, असं काही वर्षं झाल्यावर माणूस बी वाया घालवत नाही. कोकणात अशी ओस पडलेली वरकसं गावोगाव दिसतात. प्राण्यांची मजा वाटायला खात्यात पेन्शन जमा होत असावी लागते, हे मला त्या परसात उभं असताना कळलं.

मार्चात आंबा धरला आणि वानर आले. रत्नागिरीकर यात फरक करतात. काळ्या तोंडाचा वानर कौलांवर उड्या मारतो, लाल तोंडाचं माकड घरात शिरतं. एक छप्पर नेतो, दुसरं डबे नेतं. बाजूच्या बागेत राखणीला नेपाळहून आलेला एक दादा होता. हापूसच्या बागांना मोहोरापासून नेपाळी राखण्या ठेवायचा इथला रिवाजच आहे. हा गेली अकरा वर्षं यायचा, काकींशी अस्सल रत्नागिरीतलं मराठी बोलायचा आणि पाइपच्या तोफेने बार काढायचा. पहिल्या बाराला वानर पळाले. चौथ्या दिवशी फक्त पिल्लं पळाली. आठवड्याने कुणीच पळेना. "आवाज ओळखतात ना," दादा म्हणाला. "मी जेवायला बसलो की नेमके उतरतात. माझं ताट त्यांना दिसतं वरून."

वानर आंबा खातो असं आपण म्हणतो, ते खरं नाही. तो आंबा तपासतो. तोडतो, एक चावा घेतो, तोंड वाकडं करतो, टाकतो, पुढचा घेतो. पाच डझनांची पेटी अशी अर्ध्या तासात तपासून होते आणि एकही पास होत नाही. नवऱ्याला त्याच्याविषयी थोडा व्यावसायिक आदर वाटू लागला.

एका दुपारी कळपातला थोराड नर गडग्यावर येऊन बसला. नवरा ओटीवर. मध्ये खळं. नवऱ्याने दुर्बीण लावली, वानराने मान पुढे काढली. नवऱ्याने मांडी बदलली, वानरानेही. नवऱ्याने दंड खाजवला, त्याने दोन्ही खाजवले. पंधरा मिनिटं कुणीच जागचं हललं नाही. शेवटी वानराने एक प्रदीर्घ जांभई दिली, त्यात त्याचे सुळे व्यवस्थित दिसले, आणि तो उठून कौलांवरून निघून गेला. नवऱ्याने आनंदाने खूण केली. मागून काकी म्हणाल्या, "त्याने पण केली असेल हो त्याच्या यादीत."

कौलं त्या दिवशी एकेचाळीस फुटली.

फुरशाचं फार लांबवत नाही. चिरा उचलला, खालून करवत चालल्यासारखा आवाज आला, नवरा वीस फूट लांब होता. मध्ये काय झालं ते कुणी बघितलं नाही. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध. इंग्रजांच्या अमदानीत सरकारने इथे फुरसं मारण्याला बक्षीस लावलं होतं आणि लोकांनी ती हजारोंनी आणून दिली होती, तरी फुरशी आहेत आणि इंग्रज गेले. गावातला सर्पमित्र बरणी घेऊन आला, वीतभर जनावर बघून म्हणाला, "एवढंसंच तर आहे." नाग, मण्यार, घोणस आणि हे एवढंसं, या चौघांच्या विषावर आपल्याकडची सर्पदंशाची लस बनते. खूण केली गेली. अक्षर जरा हललेलं आहे.

मार्चाच्या मध्याला गावखडीच्या किनाऱ्यावर कासवं बघायला गेलो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, म्हणजे नाना फडणविसांच्या मूळ गावी, कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि 2006 पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. आता जिल्ह्यात बऱ्याच किनाऱ्यांवर हे काम चालतं. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येऊन शंभरेक अंडी पुरून जाते, ती उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात, वर टोपली पालथी घालतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं, एवढाच सोहळा.

त्या संध्याकाळी टोपलीभोवती आम्ही तीसेक माणसं श्वास रोखून उभी होतो. टोपली उचलली. खाली वाळू होती. पुण्याच्या एका बाईंनी जरा रागानेच विचारलं, "आज नाहीत? आम्ही सुट्टी काढून आलोय." टोपलीवाला मुलगा शांतपणे म्हणाला, "त्यांना सांगितलेलं नाहीये तुम्ही येणार ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ पिल्लं निघाली. काळी, मुठीत मावतील एवढी, वल्ह्यांनी वाळू ढकलत निघालेली. एक लाट आली आणि सगळी उताणी करून परत फेकली. ती सरळ झाली आणि पुन्हा निघाली. नवऱ्याने दुर्बीण काढलीच नाही. त्याला त्या मुलाने एक गोष्ट सांगितली. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 साली 03233 क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. अंतर साडेतीन हजार किलोमीटर. गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट न मिळालेल्या माणसाला या गोष्टीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

तिथून पुढे कशेळीला कातळशिल्प बघायला गेलो. जवळ उभं राहिलं तर नुसत्या चरी दिसतात. चार पावलं मागे झाल्यावर सोंड दिसते, मग पाय, आणि मग ध्यानात येतं की आपण सुमारे 18 मीटर लांबीच्या हत्तीसमोर उभे आहोत. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले, मासे आहेत, चतुष्पाद आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पायी पालथे घालून अशी शिल्पं उजेडात आणली. 2022 साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कोकणातल्या या शिल्पांत एके ठिकाणी गेंडाही आहे. कोकणात आज गेंडा कुठला!

नवरा त्या हत्तीभोवती दोनदा फिरला. "यादीच आहे ही," तो म्हणाला. मला मात्र यादी करणाऱ्याच्या बायकोची आठवण झाली. हा दिवसभर उन्हात कातळ खोदत बसलाय, जनावरं मागच्या दाराने येऊन कंद उकरून जातायत, आणि संध्याकाळी ती त्याला अहवाल देतेय.

मे महिन्यात घरात झोपवेना. वीज गेली की कौलांखाली भट्टी. नवऱ्याने खाट खळ्यात काढली. काकींनी एकदाच सांगितलं, "बाहेर झोपू नका हो." पण त्या कुत्र्याला रात्री घरात घेतात त्याचं कारण आम्हाला मायाच वाटली होती.

बाहेर झोपायची तेविसावी रात्र. त्या संध्याकाळी मी खळं नवीन सारवलं होतं. सकाळी उठून चहा घेऊन बाहेर आले, तर ओल्या सारवणात ठसे. वाटोळे, नखं न उमटलेले, माझ्या तळहाताएवढे. गडग्याच्या खिंडारातून आत, विहिरीपर्यंत, तिथून खाटेपाशी. उशाकडे दोन ठसे खोल होते, म्हणजे तिथे उभं राहून बघितलेलं. मग खाटेला पूर्ण वळसा आणि आल्या वाटेने परत. मध्ये आमचे हे. तोंड उघडं, घोरणं चालू, छातीवर दुर्बीण.

वन खात्याच्या 1926 या नंबरवर फोन केला. दुपारी वनरक्षक आले. त्यांनी ठशावर वीत धरली, "बिबट्याच" म्हणाले, घरात कुत्रं आहे का विचारलं आणि खाट आत घ्यायला लावली. नवरा यादी घेऊन बसला होता. क्रमांक एक. चार महिने जपलेला चौकोन. दिसल्याशिवाय खूण नाही, नियम त्याचाच.

"काय करू?" त्याने विचारलं.

काकी सुपारी कातरत होत्या. "त्याला दिसलात ना तुम्ही? मग झालं तर."

चौकोन अजून रिकामा आहे. 33 पैकी नऊ खुणा, एक टिंब. जानेवारीत पुन्हा जाणार आहोत, कांडेचोराला आणि काकींना तसं सांगून ठेवलंय. तुम्हालाही कुणाच्या रत्नागिरीतल्या बंद घरात राहायला जायचं असेल, तर दुर्बीण न्या, नका नेऊ, पण कौलं परतायचा माणूस एप्रिलमध्येच ठरवा. मे महिन्यात तो मिळत नाही, आणि जूनमध्ये मिळाला तरी काही उपयोग नसतो.