तेरा टन गाणी

बारा-तेरा वर्षांमागची गोष्ट. दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या स्टँडसमोर मोबाइलच्या दुकानात दाटी व्हायची. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघायच्या. पुढचे पाच-सहा महिने फडाजवळच्या झोपडीत, कोपीत, काढायचे तर ज्वारी-बाजरीसारखी गाण्यांचीही बेगमी हवी. आगाऊ उचल हातात पडली की माणूस मेमरी कार्ड काउंटरवर ठेवायचा. पोरगं विचारायचं, "काय भरू, मामा?" फोल्डर तयारच असत: देवाची, भीमगीतं, लग्नाची, लावण्या, हिंदी जुनी, हिंदी नवी. शिवाय 'मिक्स' नावाचं एक फोल्डर होतं. त्यात काय आहे हे पोराच्या बापालाही सांगता आलं नसतं. दोन जीबीचे पन्नास रुपये. गाणी मोजून नाही, पोत्यानं मिळायची.

नेमकी त्याच सुमारास मला सज्जनपणाची लहर आली.

डिसेंबर 2012 मध्ये ॲपलनं आयट्यून्सचं दुकान भारतात उघडलं. अमेरिकेत 2003 साली त्यांनी गाण्याचा भाव 99 सेंट लावला होता. आपल्याकडं 7 ते 15 रुपये. एवढी सूट खतालाही मिळत नाही, असं मनात आलं. मग हिशेब मांडला. दोन जीबीत साधारण चारशे गाणी. मधला भाव बारा धरून गुणलं तर 4800 रुपये. हे पैसे आता वडवणीच्या चलनात, म्हणजे उसात, मोडून बघू. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनाला 273 चे सुमारे 366 रुपये झाले. हा वाढीव भाव धरला तरी एक प्रामाणिक कार्ड 13 टनांना पडतं. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दीड-दोन टन तोडतात. तेव्हा आठवडाभर फड तोडा, मोळ्या बांधा, डोक्यावरून गाडीत भरा, आणि मग रात्री निर्दोष मनानं गाणी ऐका. पहिल्याच कडव्याला झोप लागली तर पैसे परत नाहीत.

मी नोकरदार माणूस. मला चारशे नको होती, एकच हवं होतं, आणि बारा रुपये खिशात होते. एका संकेतस्थळावर गेलो. (नाव सांगत नाही, बिचाऱ्यांना वाईट वाटेल.) त्यांनी ईमेल विचारला, दिला. जन्मतारीख विचारली, दिली. पिनकोडही दिला. शेवटी क्रेडिट कार्ड मागितलं. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, पगारपत्रक आणा, रहिवासी दाखला आणा, दोन फोटो आणा. कार्ड कशासाठी हवंय, असंही त्यांनी विचारलं. "गाणं घ्यायचंय," म्हणालो. त्यांनी शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

हसू नका. फ्लिपकार्टनंही फेब्रुवारी 2012 मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं, भाव 6 रुपयांपासून. जून 2013 मध्ये ते गुंडाळलं. गाण्यांची चोरी थांबत नाही आणि किरकोळ रक्कम सहज घेता येत नाही, ही कारणं कंपनीनंच दिली. म्हणजे बेंगळुरूच्या इंजिनिअरांना जे जमेना ते आमचं पोरगं रोज करत होतं: शंभराची नोट घ्यायची, पन्नास परत द्यायचे. सुटे नसले तर चार गाणी जास्त. गाण्यांच्या कंपन्यांच्या संघटनेनं अशा दुकानांना रीतसर परवाने द्यायची योजनाही काढली होती म्हणे. आमच्या पोराला परवाना म्हणजे टपरीचाच ठाऊक.

कायदाही मोठा रसिक. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार लग्नात, वरातीत गाणं वाजवणं म्हणजे हक्कभंग नव्हे. डीजे लावून अख्खी वडवणी जागवा, कलम तुमच्या पाठीशी. कोपीत एकट्यानं कानाशी धरून ऐकलं, ते मात्र चोरीचं.

आणि आमची माणसं गाण्याला पैसे देत नाहीत, असं कुणी म्हणू नये. याच माणसांच्या मोबाइलवर कॉलर ट्यून होती. महिन्याला तीसेक रुपये, गाण्याचे वेगळे. ज्यानं पैसे भरले त्याला ते गाणं कधीच ऐकू यायचं नाही. ऐकायचा फोन करणारा, बहुतेक वेळा उधारी मागणारा. महिना संपला की गाणंही संपलं. तरी लोक घेत, कारण तिथं ना ईमेल, ना पगारपत्रक. एक आकडा दाबला की बॅलन्समधून पैसे कटायचे. कधीकधी न दाबताही.

शेवटी मी स्टँडसमोर गेलो. म्हटलं, "एकच गाणं पाहिजे, पण कायदेशीर."

पोरानं माउस फिरवला. एकेक फोल्डर उघडून पाहिलं.

"कायदेशीर संपलंय, मामा," तो म्हणाला. "मिक्स टाकू का?"